परदेशी निघताय? लसींची यादी अशी ठरवा

"केनियाला चाललोय, कोणत्या लसी घ्याव्या लागतील?" असे फोन मला वरचेवर येतात. कारण आमच्या घरातून गेल्या काही वर्षांत सगळ्या तऱ्हेची माणसं बाहेर जाऊन आली. भाची अमेरिकेत शिकायला गेली, आई-बाबा केनियातलं मसाई मारा बघून आले, मावशी सुनेच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जाऊन राहिली. दर वेळी लसींचं आणि कागदपत्रांचं खातं माझ्याकडेच. त्यातून एक नक्की कळलं: नुसतं देशाचं नाव सांगून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. विमान कुठे थांबतं, परतीचा रस्ता कोणता, प्रवाशाचं वय किती, लहानपणी काय टोचलं होतं, तिकडे हॉटेलात राहणार की खेड्यात, या सगळ्यावरून यादी ठरते. एकाच तिकिटावर जाणाऱ्या नवरा-बायकोची यादीसुद्धा वेगळी निघू शकते.

मी डॉक्टर नाही. कोणती लस घ्यायची याचा शेवटचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच करा. त्यांच्याकडे जाण्याआधी काय तयारी करायची आणि माणसं कुठे अडकतात, एवढंच इथे सांगते.

१. तीन प्रश्न वेगळे ठेवा

पहिला प्रश्न: जिथे जायचंय तो देश, किंवा तिथलं विद्यापीठ, काय मागतंय? दुसरा: परत येताना भारत काय मागेल? तिसरा: कुणीच मागत नसलं तरी माझ्या तब्येतीसाठी काय घेतलेलं बरं?

बहुतेक लोक पहिल्या प्रश्नावर थांबतात. खरी गोची दुसऱ्यात आहे. केनियाचंच बघा. मुंबईहून थेट नैरोबीला उतरणाऱ्या भारतीयाकडे केनिया पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र मागत नाही, कारण भारतात तो रोग नाही. पण तोच माणूस आठवड्याने मुंबईत परततो तेव्हा आपलं सरकार ते मागतं. "एजंट म्हणाला केनियाला काही लागत नाही" हे वाक्य म्हणूनच अर्धं खरं असतं.

इंटरनेटवर शोधताना आणखी एक सावधगिरी. प्रवासी लसींबद्दलची इंग्रजीतली बहुतेक माहिती लंडन किंवा न्यूयॉर्कहून निघणाऱ्यांसाठी लिहिलेली असते. तिथे थायलंडला जाताना टायफॉइडची लस घ्या असं असतं, कारण त्यांच्या गावात टायफॉइड जवळपास नसतो. आपण तर टायफॉइडच्याच मुलखातून निघतो. ती यादी जशीच्या तशी उचलून दवाखान्यात नेऊ नका. मात्र कोणत्या देशात कोणता रोग आहे हे बघायला अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची आणि जागतिक आरोग्य संघटनेची देशवार पानं उत्तम आहेत. सक्तीच्या नियमांसाठी त्या देशाच्या दूतावासाची आणि आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची पानं बघा. नियम बदलतात, त्यामुळे ट्रॅव्हल कंपनीच्या छापील माहितीपत्रकावर विसंबू नका.

२. जुनं कार्ड शोधा

नवीन लसींचा विचार करण्याआधी माळ्यावरची फाइल खाली काढा. बाळाचं लसीकरण कार्ड, जन्म झालेल्या हॉस्पिटलची वही, शाळेत दिलेल्या लसींची नोंद, कुत्रा चावला तेव्हाचे कागद, कोविडचं प्रमाणपत्र, जे सापडेल ते सगळं. कार्ड हरवलं असेल तर लहानपणीच्या बालरोगतज्ज्ञांकडे विचारा. जुन्या पद्धतीच्या डॉक्टरांकडे रजिस्टरं वर्षानुवर्षं सांभाळलेली असतात.

काहीच मिळालं नाही तर दोन मार्ग उरतात. गोवर, रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी करता येते. किंवा सरळ पुन्हा लस घ्यायची. एकदा घेतलेली लस पुन्हा घेतल्याने सहसा काही बिघडत नाही, आणि कित्येकदा चाचणीपेक्षा लसच स्वस्त पडते. कुठला मार्ग घ्यायचा ते डॉक्टरांना विचारा, पण हा प्रश्न घेऊन जा.

३. आठ आठवडे हातात ठेवा

तिकीट काढलं की त्याच आठवड्यात लसींचं कॅलेंडर करा. आठ आठवडे मिळाले तर उत्तम, सहा असले तरी बहुतेक गोष्टी बसतात. हिपॅटायटिस बी मात्र ०, १ आणि ६ महिन्यांची आहे, म्हणजे परदेशी शिक्षणाचा विचार पक्का झाला की तेव्हाच पहिला डोस घेतलेला बरा.

कॅलेंडर करताना एक नियम विसरू नका. पिवळा ताप, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्या या जिवंत विषाणूंच्या लसी आहेत. अशा दोन लसी एकतर एकाच दिवशी दोन वेगळ्या जागी घ्यायच्या, नाहीतर मध्ये किमान चार आठवडे जाऊ द्यायचे. आज एमएमआर घेतली आणि पुढच्या आठवड्यात पिवळ्या तापाच्या केंद्रावर गेलात, तर तिथले डॉक्टर परत पाठवू शकतात. टायफॉइडचं इंजेक्शन, हिपॅटायटिस बी, फ्लूचं इंजेक्शन, रेबीज यांना हे बंधन नाही.

उशीर झालाच असेल, दहाच दिवस उरले असतील, तरी डॉक्टरांकडे जा. एकाच डोसात काम करणाऱ्या लसी तेवढ्यातही घेता येतात.

४. पिवळा ताप: इथे नीट वेळ द्या

आफ्रिकेचा मधला पट्टा आणि दक्षिण अमेरिकेचा मोठा भाग इथे हा रोग आहे. तो एडिस डासांमुळे पसरतो, तेच डास आपल्याकडे डेंग्यू पसरवतात. आशियात पिवळा ताप अजून पसरलेला नाही. पण डास आहे, लोकसंख्या आहे आणि कुणालाच प्रतिकारशक्ती नाही, म्हणून एक आजारी प्रवासी आला तरी काय होईल याची आपल्या सरकारला धास्ती वाटते. त्या धास्तीतून आलेला नियम कडक आहे. अशा देशातून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत तुम्ही भारतात उतरलात आणि वैध प्रमाणपत्र नसेल, तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. तिथे वाद घालून उपयोग नसतो. सूट आहे ती ६ महिन्यांपर्यंतच्या बाळांना.

केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, घाना, ब्राझील, पेरू, कोलंबिया ही आपल्याकडून लोक जातात त्यातली नेहमीची नावं. पूर्ण यादी आरोग्य मंत्रालयाच्या पानावर बघा. इजिप्त, मोरोक्को, दक्षिण आफ्रिका आणि मॉरिशस इथे पिवळा ताप नाही, म्हणून "आफ्रिका म्हणजे लस" असंही समजू नका.

आता फसण्याच्या जागा.

पहिली म्हणजे मधला थांबा. दक्षिण आफ्रिकेला जायला मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे स्वस्त तिकीट मिळतं. जोहान्सबर्गला काही लागत नाही म्हणून तुम्ही निश्चिंत असता, पण रस्त्यात इथिओपिया किंवा केनिया आलेलं असतं. दक्षिण आफ्रिका अशा देशात १२ तासांपेक्षा जास्त थांबलेल्यांकडे प्रमाणपत्र मागते. भारतात परतताना, विमानतळाबाहेर पडला नसाल तर सूट मिळू शकते, पण ती विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या संमतीवर अवलंबून असते. लस घ्यायचीच नसेल तर दुबई किंवा दोहामार्गे जा, थोडे पैसे जास्त गेले तरी.

दुसरी म्हणजे जोडसहल. केनिया आणि टांझानिया एकत्र करणारे खूप आहेत. केनियातून टांझानियात शिरताना सीमेवर पिवळं पुस्तक, म्हणजे या लसीच्या प्रमाणपत्राची पुस्तिका, बघतात.

तिसरी म्हणजे दहा दिवस. लस घेतल्यावर प्रमाणपत्र लगेच लागू होत नाही, दहाव्या दिवसापासून होतं. १ मेला टोचलं तर ११ मेपासून ते चालतं. निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करणारे इथे अडकतात.

चौथी म्हणजे जागा. ही लस तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते आणि त्यांचाच शिक्का चालतो. मुंबईत सहार विमानतळाजवळचं एअरपोर्ट हेल्थ ऑफिस, कुलाब्याला मांडलिक रोडवरचं पोर्ट हेल्थ ऑफिस आणि भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय, पुण्यात ससूनच्या आवारातलं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात मुरगावचं पोर्ट हेल्थ ऑफिस ही माहितीतली ठिकाणं. जाण्याआधी मंत्रालयाच्या ताज्या यादीत नाव आहे का ते बघा आणि फोन करा. लसीच्या एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारी, ठरावीक वेळेत आणि आधी नाव नोंदवलेल्यांनाच बोलावतात. साठा संपला की पुढची तारीख. पोर्ट हेल्थच्या रांगेत निम्मी मुलं मर्चंट नेव्हीतली असतात. त्यांना सगळी प्रक्रिया तोंडपाठ असते, अडलात तर त्यांनाच विचारा.

पाचवी, आणि सगळ्यांत वाईट: "घरपोच पिवळं पुस्तक मिळवून देतो" म्हणणारा एजंट. लस न घेता घेतलेलं पुस्तक बनावट असतं. पकडलं गेलं तर प्रकरण वेगळंच होतं, आणि नाही पकडलं गेलं तरी तुम्ही रोगाच्या देशात लसीविना हिंडताय हे उरतंच. या रोगावर नेमकं औषध नाही.

लस एकदाच घ्यायची. पूर्वी प्रमाणपत्र दहा वर्षांचं असायचं. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरतात, आणि त्याआधी दिलेल्या पुस्तकांनाही हेच लागू आहे. कुणी "तुमचं पुस्तक संपलं, पुन्हा टोचा" म्हणालं तर ही तारीख सांगा.

५. साठीपुढचे, गरोदर बायका आणि तान्ही बाळं

ही लस जिवंत विषाणूची असल्याने सगळ्यांना चालत नाही. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण, थायमस ग्रंथीचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सगळं सांगायचं. गरोदरपणात आणि नऊ महिन्यांखालच्या बाळाला अंगावर पाजत असताना ती शक्यतो टाळतात. बाळाला नेहमीच्या परिस्थितीत नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. म्हणजे सहा ते नऊ महिन्यांचं बाळ विचित्र कात्रीत सापडतं: नियमातून सूट नाही आणि लसही घेता येत नाही. त्या वयाचं बाळ घेऊन केनियाला जाऊ नका, इतकं सरळ आहे.

साठीपुढच्यांचा प्रश्न अवघड आहे. पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्या ज्येष्ठांमध्ये गंभीर दुष्परिणाम तरुणांपेक्षा जास्त दिसतात. प्रमाण कमीच असतं, पण शून्य नाही. बाबांच्या वेळी आम्ही त्यांच्या फिजिशियनकडे सगळे रिपोर्ट घेऊन गेलो. त्यांनी प्रकृती बघून हो म्हटलं, आणि मगच केंद्राची तारीख घेतली. ज्यांना डॉक्टर नको म्हणतात त्यांना लस न घेण्याचं वैद्यकीय कारण पिवळ्या पुस्तकातच लिहून मिळतं, पण ते मान्य करायचं की नाही हे उतरण्याच्या ठिकाणचे अधिकारी ठरवतात. विलगीकरणाची शक्यता उरतेच.

माझं स्पष्ट मत: आजी-आजोबांना सिंहच दाखवायचे असतील आणि तब्येत नाजूक असेल, तर दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर उद्यान निवडा आणि आखाती देशांमार्गे जा. सिंह तिथेही आहेत.

६. अमेरिकेत शिकायला जाणारी मुलं

व्हिसासाठी लस लागत नाही, विद्यापीठाला लागते. विद्यापीठ एक फॉर्म पाठवतं. तो वेळेत भरला नाही तर अनेक ठिकाणी पुढच्या सत्राची नोंदणी अडवून ठेवतात. फॉर्मवर साधारणपणे एमएमआरचे दोन डोस, टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला), मेनिन्जायटिस (मेंदूज्वर), हिपॅटायटिस बी, कांजिण्या आणि क्षयाची तपासणी असते. राज्यागणिक आणि विद्यापीठागणिक यादी बदलते, तेव्हा मैत्रिणीचा फॉर्म बघून लसी घेऊ नका.

एमएमआरमध्ये आपल्याकडची मुलं हमखास अडकतात. आपल्या सरकारी लसीकरणात मुलांना पूर्वी नवव्या महिन्यात फक्त गोवराची लस मिळायची. २०१७ पासून गोवर-रुबेला म्हणजे एमआर लस आली, महाराष्ट्रात २०१८च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून तिची मोठी मोहीमही झाली. पण तिच्यात गालगुंडाची लस नाही. एमएमआरमधला मधला 'एम' गालगुंडाचा. कार्डावर "एमआर" दिसलं म्हणून डॉक्टरांनी घाईत "एमएमआर" लिहिलं, असं होऊ देऊ नका. शिवाय पहिल्या वाढदिवसाआधी घेतलेला डोस अमेरिकेत धरत नाहीत. खासगी दवाखान्यात नवव्या महिन्यात एमएमआर मिळालेल्यांनाही तो डोस वजा करून मोजावं लागतं. बहुतेकांना शेवटी दोन नवीन डोस घ्यावे लागतात, मध्ये किमान २८ दिवस ठेवून. चार आठवडे इथेच जातात.

धनुर्वाताचं इंजेक्शन आपल्याकडे गुडघा फुटला तरी घेतात. ते टीटी किंवा टीडी असतं. फॉर्मवर मागितलेल्या टीडॅपमध्ये घटसर्प आणि डांग्या खोकलाही असतो. टीटीची चिठ्ठी जोडून काम होत नाही.

मेनिन्जायटिससाठी ए, सी, डब्ल्यू, वाय या चार प्रकारांवरची लस मागतात, आणि ती वयाच्या १६व्या वाढदिवसानंतर घेतलेली हवी असते, मुख्यतः वसतिगृहात राहणाऱ्यांकडून. ही लस महाग आहे आणि सगळीकडे साठ्यात नसते. मोठ्या खासगी रुग्णालयात आधी फोन करून मागवून ठेवायला सांगा.

क्षयाच्या तपासणीचा किस्सा वेगळा. आपल्या बहुतेकांच्या दंडावर बीसीजी या क्षयाच्या लसीचा व्रण असतो. त्यामुळे हातावर टोचून करायची जुनी चाचणी क्षय नसतानाही सकारात्मक येऊ शकते. म्हणून रक्तातून करायची इग्रा चाचणी मागून घ्या, बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. ती एमएमआरच्या आधी किंवा त्याच दिवशी करा, नाहीतर चार आठवडे थांबा. काही विद्यापीठं ही चाचणी तिकडे पोचल्यावरच करतात, तेव्हा आधी विचारा. चाचणी सकारात्मक आली तर घाबरून जाऊ नका. छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरांचं पत्र लागतं. सुप्त संसर्ग आणि क्षयाचा आजार या वेगळ्या गोष्टी आहेत.

फॉर्म भरताना तारखेकडे लक्ष द्या. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. आपल्या डॉक्टरांनी ५ ऑगस्ट म्हणून ५-८ लिहिलं की तिकडे ते ८ मे वाचतात. मग दोन डोसांमधलं अंतर कमी दिसतं, किंवा दुसरा डोस पहिल्याच्या आधी घेतल्यासारखा दिसतो, आणि ईमेलांचा खेळ सुरू होतो. महिना अक्षरात लिहायला लावा. डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक आणि शिक्का प्रत्येक पानावर घ्या.

७. नातवंडासाठी जाणारे आजी-आजोबा

पर्यटक व्हिसावर अमेरिकेला किंवा युरोपला जाणाऱ्या भारतीयांना सहसा कुठलीच लस सक्तीची नसते. पण सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणाला जाणार असाल तर तिकडच्या डॉक्टरांचा निरोप येण्याची शक्यता आहे: आजी-आजोबांनी टीडॅप घेतली का? कारण डांग्या खोकला मोठ्यांना नुसता खोकला वाटतो आणि तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततो. बाळाला हातात घेण्याच्या किमान दोन आठवडे आधी ती घेतलेली असावी. फ्लूची लसही त्याच कारणासाठी घ्यावी. मावशीने दोन्ही एकाच दिवशी घेतल्या आणि दोन दिवस दंड दुखतोय म्हणून कुरकुरली, एवढंच.

न्यूमोनियाची आणि नागिणीची लस ज्येष्ठांना एरवीही सुचवतात. नागिणीच्या नव्या लसीचे दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने असतात, तेव्हा लांबच्या मुक्कामाआधी दोन्ही इथेच उरका. तिकडे गेल्यावर लस घेऊ म्हणाल तर खर्च खिशातून जाईल, कारण पाहुण्यांच्या विमा पॉलिसीत प्रतिबंधक लसी सहसा नसतात.

८. हज आणि उमरा

सौदी अरेबियात मेनिन्जायटिसची चार प्रकारांवरची लस सक्तीची आहे, आणि ती पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. २००० सालच्या हजनंतर डब्ल्यू-१३५ प्रकारचा मेंदूज्वर यात्रेकरूंबरोबर कितीतरी देशांत पोचला, त्यातून हा नियम कडक झाला. कॉन्जुगेट प्रकारच्या लसीचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, जुन्या पॉलिसॅकराइड प्रकाराचं तीन. प्रकार लिहिलेला नसेल तर तीनच धरतात, तेव्हा तो लिहून घ्या. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांसाठी लसीकरण शिबिरं असतात. खासगी टूरने किंवा उमऱ्याला जाणाऱ्यांनी स्वतःची सोय स्वतः बघायची आहे. पोलिओ आणि इतर लसींबद्दलच्या सूचना सौदी आरोग्य मंत्रालय दरवर्षी काढतं, त्या वर्षीच्या सूचना वाचा.

९. कुणी मागत नाही, तरी विचार करा

टायफॉइड: केनिया, नेपाळ, इंडोनेशिया अशा ठिकाणी बाहेरचं खाणं होणार असेल तर घ्या. आपल्याकडची कॉन्जुगेट लस एका डोसाची आहे आणि ती इथे राहतानाही उपयोगी पडते. पॅरिसला जाण्यासाठी मुद्दाम गरज नाही.

हिपॅटायटिस ए: आपल्या आईवडिलांच्या पिढीला ही कावीळ लहानपणीच नकळत होऊन गेलेली असते, त्यांना सहसा लस लागत नाही. फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या शहरी मुलांचं तसं नाही. शंका असेल तर रक्ततपासणी करता येते.

रेबीज: बाली, आफ्रिकेतली खेडी, ट्रेकिंग, सायकलवरचा प्रवास, प्राण्यांबरोबर काम, यांसाठी आधी घेण्याचे दोन डोस असतात, सात दिवसांच्या अंतराने. याचा फायदा चावल्यावर कळतो. एरवी जखमेत जे इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं ते दूरच्या गावी मिळणं कठीण, आणि आधी लस घेतलेल्यांना त्याची गरज पडत नाही. चावल्यानंतरचे डोस मात्र घ्यावेच लागतात, जखम साबणाने धुवावीच लागते.

फ्लू: क्रूझवर किंवा मोठ्या ग्रुप टूरला जाताना घ्या. परिणाम यायला दोन आठवडे लागतात.

युरोपची दहा दिवसांची सहल, सिंगापूर, दुबई? नेहमीच्या लसी पूर्ण असतील तर बहुतेकांना वेगळं काही लागत नाही. इथे लसींचं पॅकेज विकणाऱ्यांपासून सावध राहा.

उलट्या दिशेची एक गोष्ट. तुमची भावंडं परदेशातून मुलांना घेऊन गणपतीला किंवा उन्हाळ्यात गावी येत असतील, तर त्या मुलांसाठी टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए खरोखर महत्त्वाच्या आहेत. "आपलंच तर गाव" या समजुतीने हीच मंडळी प्रवासी दवाखान्यात जायचं टाळतात.

१०. मलेरियाला लस समजू नका

"आफ्रिकेच्या सगळ्या लसी घेतल्या" म्हणणाऱ्याला मी पहिल्यांदा मलेरियाच्या गोळ्यांचं विचारते. मलेरियाची आर२१ लस पुण्यातच, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली, पण ती मलेरियाच्या प्रदेशात राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहे. आपल्यासारख्या प्रवाशांना गोळ्याच घ्याव्या लागतात. आफ्रिकेतल्या मलेरियावर क्लोरोक्विन बहुतेक ठिकाणी चालत नाही, त्यामुळे घरातली जुनी पट्टी उचलून नेऊ नका. डॉक्सिसायक्लिन, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, मेफ्लोक्विन यांतलं काय घ्यायचं ते डॉक्टर ठरवतात. प्रत्येकीची सुरुवात प्रवासाआधी होते आणि परत आल्यावरही काही दिवस चालू ठेवावी लागते: डॉक्सिसायक्लिन चार आठवडे, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. घरी पोचलो म्हणून थांबवायची नसते. डास चावू नयेत म्हणून लांब बाह्यांचे कपडे, डीईईटी असलेलं मलम आणि मच्छरदाणी हे तर हवंच. एडिस दिवसा चावतो, मलेरियाचा डास रात्री.

११. केंद्रावर जाताना आणि निघताना

बरोबर न्या:

- मूळ पासपोर्ट आणि त्याची प्रत
- आधार कार्ड
- तिकिटाची किंवा प्रवासाच्या कार्यक्रमाची प्रत, थांबे दिसतील अशी
- जुनं लसीकरण कार्ड
- चालू औषधांची यादी, आजार असेल तर डॉक्टरांचं पत्र
- नाव नोंदवल्याची पावती, थोडे सुटे पैसे

उपाशी जाऊ नका. पोळी-भाजी खाऊन जा, टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. त्या आठवड्यात थोडा ताप किंवा अंगदुखी येऊ शकते.

पिवळं पुस्तक हातात आलं की टेबलावरून उठण्याआधी वाचा. नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, लसीचं नाव आणि बॅच क्रमांक, टोचल्याची तारीख महिना अक्षरात, डॉक्टरांची हाताने केलेली सही, केंद्राचा शिक्का. तुमची स्वतःची सहीही लागते, लहान मुलाच्या जागी पालकाची. खाडाखोड असेल तर नवीन मागा, खोडलेलं पुस्तक नाकारलं जाऊ शकतं. प्रत्येक माणसाचं पुस्तक वेगळं असतं, कुटुंबाचं मिळून एक चालत नाही. पासपोर्टचं नूतनीकरण झालं तर जुन्याची प्रत पुस्तकाबरोबर ठेवा, कारण त्यावर जुना क्रमांक आहे.

पुस्तक हातसामानात ठेवा. चेक-इन केलेल्या बॅगेत ठेवलं तर उतरल्यावर बॅग मिळण्याआधीच ते दाखवायची वेळ येते. फोनमधला फोटो जवळ असू द्या, पण मूळ पुस्तकाची जागा तो घेत नाही.

१२. परत आल्यावर

मलेरियाच्या देशातून परतल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन वाट बघू नका. त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्या आणि "मी अमुक तारखेला केनियातून आलोय" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. पावसाळ्यात आपल्याकडे प्रत्येक ताप डेंग्यू किंवा व्हायरल म्हणून बघितला जातो, आणि आफ्रिकेतला फॅल्सिपेरम मलेरिया एक-दोन दिवसांत गंभीर होऊ शकतो. गोळ्या नेमाने घेतल्या असल्या तरी तपासणी करायची. तीन महिन्यांनंतर वर्षभरात ताप आला, तरी प्रवासाचा उल्लेख करा.